सात घरांतलं एक

गुदैबियाच्या मागच्या गल्लीत
जुलैच्या दुपारी सावली असते ती फक्त गाड्यांखाली.
तिथून शफीउलने ती ओढून काढली,
लबानच्या खोक्यात घालून वर आणली.
"दीदी, चार है. माँ दो दिन से नहीं आया."

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते,
आई म्हणायची.
कुठल्या दोन घरांच्या मधे होती ही मांजर, कोण जाणे.
मांजर आडवं गेलं की थांबणारी माणसं आम्ही.
इथे मांजराला गाडी आडवी गेली
आणि गाडी थांबली नाही.

मारिसेलचा फॉर्म मी मेमध्येच भरला होता.
नाव, फ्लॅट, बाल्कनीला जाळी आहे का.
पिल्लं किती दिवस सांभाळाल?
या देशात अजून किती दिवस आहात?
पहिल्यापुढे लिहिलं, आठ आठवडे.
दुसऱ्यापाशी विद्याधरकडे पाहिलं.
"मार्चपर्यंत लिही," तो म्हणाला, "मग बघू."
अकरा वर्षं झाली,
आमचा मार्च काही संपत नाही.

रात्री अकरा, दोन, पाच.
दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघायचा.
हे कुठे शिकलीस, विचारू नका.
कोमट कापसाने पोटाखाली पुसायचं,
आईची जीभ समजून ती मुततात.
एवढी फसवणूक मला जमली.

नाव ठेवू नकोस, मारिसेलने बजावलं होतं,
नाव ठेवलं की हातातून सुटत नाही.
पण नावं ठेवण्यात आम्ही कधी मागे राहिलोय?
भाजणीच्या काट्यावर स्टीलची वाटी, वाटीत
तीळ, एकशे दहा ग्रॅम.
बोंडू, एकशे तीस.
आमसूल, काळी आणि आंबट चेहऱ्याची, एकशे पाच.
चौथी ब्याण्णव.
दुसऱ्या दिवशी ब्याण्णव.
तिसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी,
आणि वाटी एकदम जड लागली हाताला.

ज्याला घरात मांजर नको होतं
तोच रात्री कालथा घेऊन खाली उतरला.
पार्किंगमागच्या रिकाम्या प्लॉटात
चार बोटं वाळू, मग कडक.
घामाने चष्मा सारखा घसरत होता त्याचा.
मी टॉर्च धरला होता, तोही नीट नाही.
त्या कालथ्याने नंतर काही परतलं नाही.

मग डोळे उघडले. निळे, बिनकामाचे,
कुठेही बघणारे.
मग पडदा. मग पडद्याचा अर्धा भाग.
मग विद्याधरच्या ऑफिसच्या बुटात आमसूल,
आणि तो मोजे घालून उभा, दहा मिनिटं,
ती उठेल म्हणून.

मुहर्रकहून बदरिया आली, लहान भावाला घेऊन.
तो दारातच ओरडला, गटू! गटू!
मांजराला गटू म्हणतात इथे.
बोंडू तोवर चांगला गट्टू झालाच होता,
मला भाषांतर लागलं नाही.
बोंडू आणि आमसूल एकाच पिंजऱ्यात गेले.
मागे वळून वगैरे कुणी पाहिलं नाही.
लिफ्ट येईपर्यंत झोपलेसुद्धा.
मी टॉवेल भिजत घातले
आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

तीळ राहिली. डावा डोळा पांढरा तिचा,
फोटोत बरी येत नाही.
फोनवर सासूबाई: "कायमची ठेवलीस की काय?"
"नाही हो, तात्पुरती."
"तू गेल्या वर्षीही सोफ्याबद्दल हेच म्हणालीस."

आज शुक्रवार. एसीच्या पाण्याचे थेंब
खालच्या पत्र्यावर पडतायत,
शफीउलने तिथे आईस्क्रीमचे डबे मांडलेत,
दोन डब्यांवर दोन माना वाकलेल्या.
तीळ मांडीवर. मी तिची घरं मोजते.
गाडीखालचं एक, खोकं दोन, आमचं न्हाणीघर तीन.
मग आपलीही मोजून पाहते, बोटांवर.
चिपळूण. कळवा. हूरा. सलमानिया.
पाचव्या बोटाशी येते
तोच तीळ ते तोंडात धरते,
नवे दात शिवशिवतात तिचे.

राहू दे.
मारिसेलचा मेसेज आलाय,
जुफैरला तीन सापडलीत, एखादं खोकं आहे का रिकामं.
एका हाताने मी लिहितेय.